मोठ्याने शांतपणे

३ जून

ती. अण्णा,

नमस्कार. काल फोनवर मी तुम्हाला चार वेळा सांगितलं की खारू चावते. तुम्ही चारही वेळा "चालते? कुठे चालते? जेवली का?" असं विचारलंत आणि शेवटी "जपून चाल म्हणावं" म्हणून फोन ठेवून दिलात. म्हणून हे लेखी देतो आहे. तुमची नात चार वर्षं दोन महिन्यांची आहे, कधीपासून चालते, आणि आता ती चावते. च ला काना, व, त ला मात्रा.

तुमची सून जहाजावर जाऊन आज तीन आठवडे झाले. समुद्राच्या तळाशी केबल टाकायचं काम आहे, ती त्यावरची इंजिनिअर, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापर्यंत ती परत येत नाही. जाताना फ्रिजवर एक लांबलचक कागद लावून गेली आहे. खारूला कुठले मोजे टोचतात, कानात औषध कसं घालायचं, झोपताना दिवा किती मिणमिणता ठेवायचा, सगळं त्यात आहे. चावण्याबद्दल एक अक्षर नाही, कारण ती असताना खारू चावत नव्हती.

पहिला चावा बालवाडीतल्या एका मुलीला. तिला आम्ही घरात दोन शेंड्यावाली म्हणतो. तिने खारूच्या हातातला मातीचा हत्ती ओढला, तर खारूने तिचा दंड धरला. दुसरा बाईंच्या कोपराला, त्या सोडवायला गेल्या होत्या. तिसरा गेल्या शुक्रवारी. मुलांचे दात तपासायला डॉक्टर आले होते. खारूने छान तोंड उघडलं, डॉक्टर "शाब्बास" म्हणाले आणि त्यांनी बोट आत घातलं. अण्णा, हे तेच डॉक्टर, ज्यांच्याकडून माझ्याकडे निम्म्याहून जास्त कवळ्यांचं काम येतं. बोटाला पट्टी बांधून ते माझ्या कामाच्या खोलीत आले आणि म्हणाले, "चावा अगदी सरळ बसलाय. वरचे-खालचे उत्तम जुळतात." मला आनंद व्हावा की लाज वाटावी, कळेना.

मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, आणखी एक चावा आणि खारूची जागा दुसऱ्याला. यादीत एकोणीस मुलं ताटकळत आहेत. बालवाडी सुटली तर मी काम कधी करणार? प्लास्टर, मेण वितळवायच्या शेगड्या आणि बारीक करवती असलेल्या खोलीत एवढं पोर दिवसभर ठेवता येत नाही. मग तुमच्या सुनेला जहाज अर्ध्यावर सोडून यावं लागेल, आणि या जहाजासाठी ती सहा वर्षं थांबली आहे.

म्हणून विचारतो. तुम्ही ताईवर आणि माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत. मला तरी आठवत नाही. हे तुम्हाला कसं जमलं? मीही तिला शांतपणेच समजावतो, पण फरक पडत नाही.

तुमचा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'जपून चाल' मी मागे घेतो.

मी कधी ओरडलो नाही, हे तुझ्या लक्षात राहिलं याचं मला फार बरं वाटलं. तेवढा भाग मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवला. दुकान आता माझं राहिलं नाही, माझ्या जुन्या कारागिराचं आहे, पण खिडकीजवळची खुर्ची अजून माझी आहे. ऐकून कारागीर नुसता खोकला.

माझी पद्धत साधी. मुलाने काही उलटंसुलटं केलं की आपण आधी गप्प बसायचं. तोंड उघडायचंच नाही. नुसतं बघायचं. मूल आपोआप विरघळतं. यात शिकवण्यासारखं काही नाही, तो स्वभावच असावा लागतो. माझ्याकडून तो तुझ्यात थोडाफार उतरला असेल, शोधून बघ.

दुसरं असं, की दुकानात एक प्राध्यापक येतात, ते मानसशास्त्र शिकवतात. त्यांची पँट कमरेत सैल करायची होती, तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, मुलाला थांबायची सवय लावा. त्याच्यापुढे एक बिस्किट ठेवायचं आणि सांगायचं, मी येईपर्यंत हे खाल्लं नाहीस तर दोन मिळतील. आणि खोलीबाहेर जायचं. बिस्किटासाठी थांबायला जमलं की हळूहळू रागातही थांबायला जमतं, असं त्यांचं म्हणणं. ऐकण्याच्या नादात मी त्यांची कंबर दोन इंच जास्तच सैल केली, ते वेगळं.

करून बघ आणि कळव.

अण्णा

ता. क. चावा सरळ बसला याबद्दल खारूला शाबासकी दे. आपल्या घराण्यात दात सरळच आहेत.

१७ जून

ती. अण्णा,

नमस्कार. बिस्किटाचा प्रयोग केला.

खारूला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं, बशीत एक बिस्किट ठेवलं आणि म्हटलं, पाच मिनिटं. ती म्हणाली, "पाच मिनिटं म्हणजे किती?" मी घड्याळाकडे बोट दाखवलं. मोठा काटा एकवरून दोनवर जाईपर्यंत. "दोन म्हणजे बदक ना?" हो म्हटलं. मग तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि बदकावर डोळे लावून बसली.

मी दारातून बघत होतो. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मी नुकतीच पाठवलेली कवळी घातली की पेशंटचं तोंडच मिटत नव्हतं. पेशंट म्हणजे रेडिओवरचे एक निवृत्त निवेदक, म्हणजे ज्यांना तोंड मिटण्याची आणि उघडण्याची दोन्हीची गरज सारखीच. डॉक्टर मला धारेवर धरत होते आणि मी "हो साहेब, परत पाठवा, नवीन करून देतो" म्हणत स्वयंपाकघरात येरझारा घालत होतो. फोन संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की बशी रिकामी आहे, खारूचे हात अजून मांड्यांखालीच आहेत, आणि बिस्किट माझ्या तोंडात आहे.

काटा बदकावर पोचायला अर्धं मिनिट उरलं होतं.

ती माझ्या पोटरीला चावली. घरातले चावे बालवाडीत धरत नाहीत, तेवढं एक बरं. मी तिला शांतपणे समजावलं की माणसांना असं चावत नाहीत. तिने ऐकून घेतलं आणि माझा उजवा बूट कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

तुमचा गप्प बसायचा उपायही करून पाहिला. मी गप्प बसून बघायला लागलो की ती विचारते, "बाबा, तुला उलटी होतेय का?"

पहिल्या पत्रानंतर बालवाडीत एकही चावा नाही, पण आता ती वस्तू भिरकावते. वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, त्या संध्याकाळी तासभर तिला सांभाळतात. तिथे मात्र ती गोगलगाय असते. मला याचा उलगडा होत नाही. काकूंकडे जुना टाइपरायटर आहे, त्याच्या आवाजाने तिला बरं वाटत असावं.

धाकटा

२० जून

आजोबा,

मी खारू. मला लिहिता येत नाही म्हणून काकू टाइप करतात. काकू म्हणाल्या काय लिहू, मी म्हटलं सगळं.

आमच्याकडे खूप दात आहेत. बाबा दात करतो. आई पाण्यात आहे पण ती ओली नाही.

मी चावते तेव्हा आधी माझ्या पोटात गरम होतं. मग कानात गरम होतं. मग दात आपोआप जातात. मी त्यांना म्हणते जाऊ नका, पण ते तोपर्यंत गेलेले असतात.

बाबा ओरडत नाही. बाबा शांतपणे सांगतो. तो खूप मोठ्याने शांतपणे सांगतो. तेव्हा त्याच्या मानेवर एक दोरी येते आणि तो लाल होतो आणि कपाटातले दात वाजतात. परवा शांतपणे सांगताना त्याने टेबलावर हात आपटला तर प्लास्टर उडालं आणि बाबा पांढरा झाला. मी हसले. मग त्याने अजून शांतपणे सांगितलं. मग मी खाटेखाली गेले.

काकू टाइप करताना चुकतात तेव्हा त्या म्हणतात अरेच्चा, आणि तिथे पांढरं लावतात आणि फुंकर मारतात. मला फुंकर मारू देतात.

तुम्ही बाबाचे बाबा आहात ना, मग तुम्ही त्याला सांगा. पण मोठ्याने सांगू नका, तो घाबरेल.

खारू

(टंकलेखिकेची टीप: मी कोर्टात तेहेतीस वर्षं साक्षी टाइप केल्या. साक्षीदाराच्या शब्दाला मी हात लावत नाही. मुलीच्या वडिलांना या पत्राची कल्पना नाही. दोन मजल्यांमधली तक्तपोशी पातळ आहे, एवढंच माझ्याकडून.)

२६ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सोबत एक टाइप केलेलं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच. बसून वाच.

वाचलंस? आता काकूंवर चिडू नकोस आणि पुढे वाच, कारण मलाही काही कबूल करायचं आहे.

मी स्वभावाबद्दल लिहिलं ते सगळं खोटं होतं. कारागीर खोकला तो त्यामुळेच. अरे, दुकानात दिवसभर माझ्या तोंडात टाचण्या असायच्या. दहा-बारा, ओठांत धरलेल्या. तू आणि ताई शाळेतून थेट दुकानात यायचात, जे काही उद्योग करायचे ते तिथेच करायचात, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. ओरडलो असतो तर टाचण्या पोटात गेल्या असत्या. आधी एकेक काढून उशीत खोचायची, मग बोलायचं. शेवटची खोचेपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा आणि उरलेला कशासाठी आला होता ते आठवायचं नाही. शिवाय तोवर तू नक्की काय करत होतास तेही दिसायचं. एकदा तू गिऱ्हाइकाच्या नव्या पँटचा एक पाय गुडघ्यातून कापलास. त्या दिवशी तोंडात अकरा टाचण्या होत्या. अकरावी खोचली तेव्हा कळलं, की आपल्या गल्लीत एक तीन पायांचं कुत्रं होतं, त्याला तू पँट शिवत होतास. खडूने नीट तीनच पाय आखले होतेस.

गिऱ्हाईक म्हणायचे, मास्तर किती सोशिक आहेत. मी मान हलवायचो. दुसरं काही करताच येत नव्हतं.

आणि एकदा मी ओरडलो आहे. तुला आठवत नाही, मला आठवतं. तू साडेपाच वर्षांचा होतास. दुपारचं जेवण चाललं होतं म्हणून टाचण्या डबीत होत्या. तू एका वकिलाच्या काळ्या कोटावर खडूने नाक-डोळे काढलेस. मी असा ओरडलो की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. तू कापायच्या टेबलाखाली शिरलास. मी तुला ओढायला हात घातला तर तू माझ्या अंगठ्याला चावलास. त्यानंतरचा सबंध आठवडा तू ताईला फूटपट्टीने मारलंस, बटणांचे डबे उलथलेस, कुणाचं ऐकेनासा झालास. तुझ्या आईला मी म्हटलं, पोरगं हाताबाहेर चाललंय. पोरगं हाताबाहेर का गेलं असेल, हे मला खारूचं पत्र वाचताना सुचलं. जरा उशीरच झाला.

टाचण्या तोंडात धरू नकोस. ते तेव्हाही चूकच होतं. पण अकरा टाचण्यांना लागतो तेवढा वेळ कुठून तरी काढ.

अण्णा

४ जुलै

ती. अण्णा,

नमस्कार. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तडक वर निघालो होतो. काकूंना विचारणार होतो की परक्याच्या घरातल्या गोष्टी टाइप करायचं तुम्हाला कारण काय. तीन पायऱ्या चढलो, आणि माझ्या लक्षात आलं की हे मी त्यांना शांतपणेच सांगणार आहे. खाली आलो.

मी ओरडतो, अण्णा. सकाळी बुटांवरून ओरडतो, संध्याकाळी दुधावरून ओरडतो. डॉक्टरांकडून काम परत आलं की जरा जास्तच. आवाज कमी ठेवल्यासारखं मला आतून वाटत असतं. दुसऱ्या दिवशी ती बालवाडीत असताना मी खाटेखाली वाकून पाहिलं. तिथे तिची छोटी उशी होती, पाण्याची बाटली होती आणि रुमालात बांधलेली दोन बिस्किटं होती. म्हणजे तिने मुक्कामाची तयारी करून ठेवली आहे.

मग मी मेणाचा उपाय सुरू केला. कवळीचा साचा करायला आम्ही गुलाबी मेणाच्या पट्ट्या वापरतो. राग आला की एक पट्टी दातांखाली धरायची, असं ठरवलं. सोमवारी खारूने माझ्या चष्म्याला जाम लावला. मी पट्टी तोंडात घातली आणि जे सांगायचं ते "म्म्म, म्म्म्म" असं बाहेर आलं. ती थबकली. "म्म्म?" असं तिने विचारलं. मी "म्म्म" म्हटलं. पाच मिनिटं आम्ही असे भांडलो, आणि शेवटी तिने स्वतःच चष्मा धुऊन आणला. साबण जास्त झाला, पण आणला.

मंगळवारी मेण तोंडात असताना प्लास्टरची गोणी घेऊन माणूस आला. मी दार उघडून हसलो. माझे सगळे दात गुलाबी. तो गोणी उंबऱ्यावर टाकून, सही न घेता गेला.

पण मेण सगळीकडे घेऊन फिरता येत नाही. काल भाजीच्या दुकानात नव्हतं. तिथे मी ओरडलो. तिने बटाटा फेकला. दुकानदाराला लागला.

धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मेण गिळू नकोस. बाकी प्रगती चांगली आहे.

भाजीवाल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. हातातलं काही तरी शोध. तोंडातलं संपतं, वितळतं, गिळलं जातं. आणि ओरडलास तर निदान नंतर जाऊन तिच्याशेजारी बस. समजावू नकोस, नुसता बस. खाटेखाली मावत असशील तर तिथेच. मी त्या दिवशी टेबलाखाली नुसता हात घातला, स्वतः काही वाकलो नाही.

अण्णा

१६ जुलै

ती. अण्णा,

नमस्कार. खाटेखाली मी कमरेपर्यंत मावतो. बाकीचं नंतर. आधी हे वाचा, बालवाडीतून काल माणसाहाती आलं:

"माननीय पालक, आपल्या मुलीने आज सकाळी दहा वाजता वर्गातील एका मुलीच्या स्वेटरच्या बाहीस चावा घेतला. सदर चावा तिने स्वतःच्या दातांनी घेतलेला नसून, डब्यातून आणलेल्या दातांनी, हाताने घेतला आहे. असा प्रकार पूर्वी न घडल्याने आमच्या नियमात याबाबत तरतूद नाही. तरी खुलाशासाठी व दात ताब्यात घेण्यासाठी त्वरित यावे. मोठ्या बाई."

मी कपाट उघडलं. निवेदकांची नवी कवळी जागेवर नव्हती. ती दुपारी डॉक्टरांकडे पोचायची होती, आणि संध्याकाळी निवेदकांचं भाषण होतं. तसाच पळत सुटलो.

मोठ्या बाईंच्या खोलीत सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या. एकीवर डॉक्टर गुडघे कानाशी घेऊन बसलेले. त्यांनी कवळीसाठी मला फोन केला होता, मी उचलला नाही, तेव्हा मी इथे असेन या अंदाजाने स्कूटरवरून माझ्याआधी पोचले होते. टेबलावर रुमाल, रुमालावर कवळी. खारू टेबलाखाली. मी आत पाऊल टाकलं तसे सगळे एकदम बोलायला लागले. बाई म्हणाल्या, यादीत एकोणीस मुलं आहेत. डॉक्टर म्हणाले, मी पेशंटला काय तोंड दाखवू, आणि पेशंटने तरी काय दाखवावं. माझ्या पोटात गरम झालं. मग कानात गरम झालं. अण्णा, पोरीने लिहिलं होतं तसंच, त्याच क्रमाने.

मेण नव्हतं. मी खाली बसलो आणि बुटाची नाडी सोडली. मग दुसरी सोडली. मग दोन्ही पुन्हा बांधल्या, आधी डावी, मग उजवी. सगळे माझ्याकडे वाकून बघायला लागले. त्यांना वाटलं असणार, मला काही तरी झालंय. खाली बसल्यावर टेबलाखालची खारू समोरच आली. तिने कानांवर हात ठेवले होते आणि माझ्या मानेकडे बघत होती. दोरी शोधत होती. ती नाही असं दिसल्यावर तिने एक हात काढला.

मी म्हटलं, "काय झालं, सांग."

ती म्हणाली, "तिने माझा निळा खडू घेतला. मला गरम झालं. बाई म्हणाल्या होत्या, तुझ्या दातांनी कुणाला चावायचं नाही. म्हणून मी दुसरे आणायला गेले."

"कुठे?"

"दप्तरात. दप्तर त्या टोकाला असतं. मग डबा उघडेना. मग मी बाईंकडे गेले. बाई दुसऱ्याचं नाक पुसत होत्या. मी थांबले. मग बाईंनी झाकण काढून दिलं."

मोठ्या बाईंनी वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. त्या खजील झाल्या. "मला वाटलं, खाऊ आहे," त्या म्हणाल्या. "आत मी बघितलंच नाही."

"मग परत आले," खारू म्हणाली, "तोपर्यंत गरम गेलं होतं. पण दात आणले होते ना. म्हणून थोडंसंच केलं. बाहीला."

मग डॉक्टर, ज्यांच्या बोटावर अजून खूण आहे, ते म्हणाले, "बाई, ही मुलगी चिडली, खोलीच्या त्या टोकाला गेली, रांगेत उभी राहिली, परत आली, आणि तोवर शांत झाली. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना एवढं जमत नाही."

मोठ्या बाईंनी दोन शेंड्यावालीला बोलावून विचारलं, तुला लागलं का. ती म्हणाली, "नाही. मला पण ते दात एकदा द्या ना."

खारूची जागा राहिली. वहीत नोंद झाली आहे ती 'चावा' अशी नाही, 'दातांचा गैरवापर' अशी. नोंदीखाली माझी सही घेतली, कारण दात माझ्या ताब्यातून सुटले होते. डॉक्टरांनी कवळी तीनदा उकळत्या औषधातून काढली. संध्याकाळी निवेदक दीड तास बोलले. डॉक्टर सांगत होते, लोक कंटाळले, पण कवळी हलली नाही.

घरी येताना खारू म्हणाली, "बाबा, तू नाड्या का सोडल्यास?" मी म्हटलं, "मला राग आला होता." ती म्हणाली, "मग बांधल्यास का?" मी म्हटलं, "गेला म्हणून." तिला ते पटलं.

धाकटा

२२ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचून दाखवलं. कारागिराला हसताना शिवण वाकडी गेली आणि प्राध्यापकांना पुन्हा यावं लागलं. ते म्हणाले, तुमच्या मुलाने केलं ते आमच्या पुस्तकात चाळीस पानं आहे. मी म्हटलं, नाड्या दोनच असतात, म्हणून त्याला लवकर जमलं.

एक लिहायचं राहिलं होतं. त्या काळ्या कोटावर तू काढलेला चेहरा माझाच होता. तोंडाच्या जागी तू बारीक रेघा काढल्या होत्यास, टाचण्यांच्या. मला ते वकिलाने दाखवलं. तो काही चिडला नव्हता, उलट कोट झटकू नका म्हणत होता. मी झटकला. तुझी माफी मागायची मात्र राहून गेली, ती आता मागतो. एकतीस वर्षं लागली. माझ्या टाचण्या जरा जास्तच होत्या असं समज.

अण्णा

९ ऑगस्ट

ती. अण्णा,

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तराला दोन आठवडे लावले. माफी पोचली. मला तो कोट अजूनही आठवत नाही, पण वाचल्यावर बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

इकडे सगळं सुरळीत झालंय असं लिहिणार होतो, तेवढ्यात परवाचा शनिवार आला. मी दुपारी एका कवळीचे पुढचे चार दात बसवत होतो. न्हाणीघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. चांगलं आहे, खेळतेय, असं म्हणून मी काम संपवलं. आत गेलो तर प्लास्टरची अख्खी गोणी रिकामी. खारूने ती टबमध्ये ओतून, पाणी घालून, मोठ्या डावाने ढवळली होती. अण्णा, आमचं प्लास्टर दहा मिनिटांत दगड होतं. ते झालं होतं. काठापासून काठापर्यंत टब भरलेला, वर छोट्या छोट्या लाटा, आणि मधोमध तिचं लाकडी जहाज अर्धं रुतलेलं. डाव उभाच राहिला होता.

मी ओरडलो. नाड्या नव्हत्या, मी अनवाणी होतो. मेण दुसऱ्या खोलीत होतं. दोरी आली असणार, कारण ती मानेकडे बघत होती. तिने कानांवर हात ठेवले. मला वाटलं, आता खाटेखाली जाईल, नाहीतर पोटरी धरेल. ती जागची हलली नाही. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "बाबा, तू बाहेर जाऊन परत ये."

"काय?"

"दाराच्या बाहेर जा. मग परत ये."

आणि मी गेलो. का गेलो, माहीत नाही. जिन्यात जाऊन उभा राहिलो, पाठीमागे तिने दार लावून घेतलं. आतून ती मोजत असल्याचं ऐकू येत होतं. ती सात गाळते आणि अकराच्या पुढे पुन्हा चारवर येते, त्यामुळे वेळ भरपूर होता. वरून काकू खाली आल्या. अंगभर प्लास्टर, अनवाणी पाय, बंद दार, असं त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "किल्ली आत राहिली का?"

मी म्हटलं, "नाही. मला बाहेर पाठवलंय."

"असं होय," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन खाली गेल्या.

मग दार उघडलं. खारूने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता ये. काय सांगायचं होतं तुला?"

मी आठवून पाहिलं. खूप काही होतं, गोणीबद्दल, टबबद्दल, दगडाबद्दल. जिन्यात उभं राहून ते कुठे गेलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुझा समुद्र दाखव."

तिने हाताला धरून नेलं. आम्ही टबाच्या काठावर बसलो. ती म्हणाली, हे आईचं जहाज. आधी नुसतं पाणी केलं होतं, पण पाण्यात जहाज सारखं पुढे पुढे जायचं. म्हणून घट्ट समुद्र केला. आता ते जिथे आहे तिथेच राहील, आणखी लांब जाणार नाही.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलो. ती म्हणाली, "तुझ्या डोळ्यात प्लास्टर गेलंय का?" मी हो म्हटलं. तिने फुंकर मारली.

रविवारपासून मी छिन्नी घेऊन समुद्र फोडतो आहे. जहाजाभोवतीचा तुकडा तसाच ठेवायचा, अशी अट आहे, आणि तो तुकडा आईने येऊन बघितल्याशिवाय कुणी हलवायचा नाही. तुमची सून सोळा तारखेला उतरते. तुम्हीही या. फक्त येताना आंघोळ करून या.

तुमचा,
धाकटा